छापील किंमत आता नक्की कुणासाठी आहे?

गल्ल्यावरचा

नाशिकला सिडकोत आमचं किराणा दुकान आहे. कपडे धुण्याच्या पावडरीचं खरेदी बिल समोर ठेवून लिहितोय. एक किलोचा पुडा, छापील किंमत २१०. डिस्ट्रिब्युटरकडून मला जीएसटीसकट १८९ ला पडतो, मी २०० ला देतो. सुटतात ११ रुपये. त्यात गाळ्याचं भाडं, लाइट बिल, पोऱ्याचा पगार आणि उंदरांनी कुरतडलेला माल. तोच पुडा, तेच वजन, दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या एका ॲपवर १७४ ला.

समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी मोबाईल पुढे धरला. "दादा, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आमच्याकडून जास्तच घेत होतात की!" हसत म्हणाल्या, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. बिल दाखवलं. त्यांना पटलं का, कोण जाणे.

आता मुद्दा. १९९० च्या आधी पाकिटावर 'स्थानिक कर वेगळे' असं छापलेलं असायचं आणि त्या 'वेगळे'च्या नावाखाली दुकानदार वाटेल ते लावायचे. वडील सांगतात, आम्हीही लावायचो. मग सगळे कर धरून कमाल किंमत छापायची असा नियम आला. त्याच्या वर एक पैसा घ्यायचा नाही. गिऱ्हाइकाला कवच मिळालं आणि आमची रोजची हुज्जत संपली.

आज त्याच आकड्याचं काम काय उरलंय? ॲपवर त्याच्यावर काट मारायची आणि शेजारी हिरव्या अक्षरांत '१७ टक्के सूट' लिहायचं. कंपनीला जास्त छापायला कोण अडवतंय? कुणीच नाही. सरकार फक्त छापायला सांगतं, किती छापायचं ते सांगत नाही. मला वाटतं, छापील किंमत आता गिऱ्हाइकाच्या बाजूची राहिलेली नाही. दुकानदाराच्या बाजूची तर ती कधीच नव्हती. इथे ग्राहक, व्यापारी, आयटीवाले सगळेच आहेत, म्हणून धागा काढला. बोला.

हिशेबी_सुमन

मी गिऱ्हाईक. पुण्यात राहते, नोकरी करते, साडेआठला घरी पोचते, त्यामुळे ॲपशिवाय चालत नाही. आधीच सांगते म्हणजे कुणी 'वाण्याकडे जा' म्हणून उपदेश करायला नको.

पण सूट ही भानगड मी एकदा कागदावर मांडली. पावसाळ्यातली रात्र, दूध, ब्रेड आणि अंडी. वस्तूंचे १४३. हँडलिंग ११. ऑर्डर लहान म्हणून २०. डिलिव्हरी ३०. पाऊस पडतोय म्हणून १५. एकूण २१९. वर मोठ्या अक्षरांत 'तुम्ही १४ रुपये वाचवलेत'!

दादा, तुमच्या पावडरीचे १७४ खरे आहेत. पण ती एकटी मागवली तर ती १७४ ला घरात येत नाही. मग माणूस 'आणखी ८५ रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत' वाचून चिप्स आणि चॉकलेट टाकतो. त्या चिप्सवर सूट नसते, बघा कधीतरी.

टमटम

पावसाचे १५ रुपये पावसाला मिळतात का? 😄

कोड_आणि_कांदेपोहे

मी ॲपवरचे भाव ठरवणाऱ्या सिस्टिमवर काही वर्षं काम केलंय (आता नाही, आणि कुठे ते विचारू नका). लोकांना वाटतं तसं 'तुमचा फोन महागडा दिसला की भाव वाढवा' असलं सरळसोट काही मी पाहिलं नाही. जे पाहिलं ते असं.

भाव पिनकोडनुसार, खरं तर गोदामानुसार ठरतो. कोथरूडच्या गोदामात माल पडून असेल आणि हडपसरला संपत आला असेल, तर दोन्हीकडे एकच भाव असायचं कारण नाही. स्पर्धकाचे भाव दिवसभर आपोआप गोळा होत असतात. मग वस्तूंचे दोन ढिगारे असतात. एक, ज्यांचा भाव लोकांना तोंडपाठ असतो: दूध, साखर, तेल, कांदे, ठरावीक ब्रँडची पावडर. तिथे तोटा खाऊनही स्वस्त राहायचं, कारण 'इथे स्वस्त मिळतं' हे मत तिथेच बनतं. दुसरा, ज्यांचा भाव कुणालाच आठवत नाही: फेसवॉश, चार्जिंग केबल, ड्रायफ्रूटची छोटी पाकिटं. पहिल्या ढिगाऱ्यातला तोटा दुसऱ्या ढिगाऱ्यात भरून निघतो. त्यात वरच्या रांगेत आपला माल दिसावा म्हणून कंपन्या जाहिरातीचे पैसे मोजतात, ते वेगळे. गल्ल्यावरचा, तुमची पावडर पहिल्या ढिगाऱ्यातली आहे. तुम्ही तिच्यावर कमवायला बघताय, ते तिच्यावर गिऱ्हाईक गोळा करतायत.

आणि माणसागणिक फरक हवा असेल तर भावाला हात लावावाच लागत नाही. भाव सगळ्यांना तोच, कूपन मात्र ज्याला त्याला वेगळं. जो आठवडाभर फिरकला नाही त्याला १०० रुपये सूट, जो रोज येतो त्याला काही नाही. सुमनताई, तुम्ही रोजच्या असाल तर तुम्हाला कमी कूपनं येत असणार.

हिशेबी_सुमन

म्हणजे निष्ठेचं हे फळ. आमचा वाणी निदान दिवाळीला कॅलेंडर तरी देतो.

बीटवाला

सांगली जिल्ह्यात डिस्ट्रिब्युटरशिप आहे, आधी सेल्समन म्हणून बीट मारायचो, म्हणजे ठरलेल्या भागातल्या दुकानांत फिरून ऑर्डर घ्यायचो. दुकानदाराची बाजू इथे आली, आमची कुणी मांडत नाही.

आम्हाला कंपनीकडून मिळतात ४-५ टक्के. त्यात टेम्पो, गोदाम, दोन सेल्समन आणि बाजारात अडकलेली उधारी. कंपनी स्कीम देते, ती आम्ही आधी खिशातून दुकानदाराला द्यायची आणि नंतर क्लेम लावायचा. क्लेम सुटायला महिने. एक्स्पायरीचा माल परत घ्यायचा तर कंपनी हात वर करते. आणि मोठ्या ऑनलाइन खरेदीदाराला तीच कंपनी आमच्यापेक्षा स्वस्त देते. म्हणून दुकानदार आम्हाला म्हणतो, "साहेब, तुमच्याकडून कशाला घेऊ, ॲपवरूनच मागवून काउंटरला लावतो." हे खरंच होतंय. आमच्या बीटवर दोन दुकानं तशीच चालतात.

२०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी याच कारणावरून कोलगेट आणि हिंदुस्थान युनिलिव्हरच्या काही मालाचं वितरण थांबवलं होतं, आठवत असेल. मागणी एकच होती: सगळ्यांना एकाच भावात माल द्या. पुढे चर्चा झाल्या आणि काम सुरू झालं. पण तेव्हा समोर बी टू बी, म्हणजे दुकानदारांनाच घाऊक माल विकणाऱ्या कंपन्या होत्या. आता दहा मिनिटवाले आलेत, म्हणजे दुकानदारालाच बाजूला काढलंय.

वकिली_चष्मा

कायद्याचं थोडं. लांबेल.

पहिलं, तोट्यात विकून स्पर्धकाला संपवणं हा स्पर्धा कायदा २००२ चा भंग ठरू शकतो, पण कलम ४ लागू व्हायला आधी ती कंपनी बाजारात 'वर्चस्व असलेली' आहे हे सिद्ध करावं लागतं. तीन-चार कंपन्या एकमेकींशी झुंजत असतील तर वर्चस्व कुणाचं? तिथेच बहुतेक तक्रारी अडकतात. तिघी मिळून गल्लीतलं दुकान बंद पाडतील, पण एकटी कुणीच 'दादा' ठरत नाही.

दुसरं, परदेशी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसने, म्हणजे दुसऱ्या विक्रेत्यांचा माल विकून देणाऱ्या ॲप-साइटने, स्वतः माल साठवून विकायचा नाही आणि विक्रीच्या किमतीवर प्रभाव टाकायचा नाही, असा नियम २०१६ पासून आहे, फेब्रुवारी २०१९ पासून तो आणखी कडक झाला. तो कितपत पाळला जातो यावरच व्यापारी संघटनांचं भांडण आहे.

तिसरं, ग्राहकांसाठी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करू नये असं स्पष्ट आहे, आणि एकूण किंमत एकाच आकड्यात, तपशिलासह दाखवायला सांगितलंय. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न्स'ची, म्हणजे ॲप-साइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. १३ प्रकार आहेत. सुरुवातीला एक भाव दाखवून पैसे भरायच्या पानावर एकेक शुल्क ठिबकत आणणं हा त्यातलाच एक. न विचारता टोपलीत दानधर्माचे ५ रुपये टाकणं हाही. सुमनताईंचं २१९ चं बिल पहिल्या प्रकारात बसेल असं माझं मत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि हो, छापील किमतीपेक्षा जास्त कुणीच घेऊ शकत नाही हे अर्धसत्य आहे. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून पाण्याची बाटली घेतली तर छापील किमतीचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय. पण एकाच मालावर मॉलसाठी एक आणि दुकानासाठी दुसरी किंमत छापायला २०१८ पासून बंदी आहे. आणि कोपऱ्यावरचा दुकानदार कोल्ड्रिंकवर 'थंड करण्याचे २ रुपये' घेतो, ते सरळ बेकायदा. गल्ल्यावरचा, हे तुम्हाला नाही, सर्वसाधारण बोलतोय.

गल्ल्यावरचा

आमच्याकडे फ्रीजचे पैसे घेत नाही. शेजारी घेतो. 😀

टमटम

ते आयफोनवर टॅक्सीचं भाडं जास्त दिसतं त्याचं काय झालं शेवटी?

वकिली_चष्मा

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केलं की प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा पाठवल्यात. दोन्ही कंपन्यांनी फोनवरून भाडं ठरत असल्याचं नाकारलं. गर्दीच्या वेळच्या वाढीव भाड्याला मात्र सरकारचीच मुभा आहे. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूळ भाड्याच्या दीडपट मर्यादा होती, जुलै २०२५ मध्ये ती दुप्पट केली.

फ्रांकफुर्टची_मावशी

इकडे जर्मनीत छापील कमाल किंमत हा प्रकारच नाही. कंपनी फार तर 'सुचवलेली किंमत' सांगते, दुकान त्याच्या वरही विकू शकतं. रेल्वे स्टेशनवरच्या दुकानात तेच पाणी सुपरमार्केटच्या कितीतरी पट महाग असतं आणि कुणी भांडत नाही. पहिल्या वर्षी मी भांडले होते, दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.

पण दोन गोष्टी भारतात याव्यात असं वाटतं. शेल्फवरच्या प्रत्येक भावाखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव असतो. मे २०२२ पासून तो सगळीकडे पूर्ण किलो किंवा लिटरचाच हवा, आधी छोट्या पाकिटांना १०० ग्रॅमचा चालायचा. माझी खरेदी त्या बारीक अक्षरांवरच चालते. आणि दुसरी, सूट जाहीर करायची तर गेल्या ३० दिवसांतला सर्वात कमी भाव कुठला होता तो द्यावा लागतो. युरोपियन युनियनभर नियम आहे. काट मारलेला आकडा हवेतून आणता येत नाही.

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर शेल्फवर कागदी लेबलं कमी होत चाललीत, छोटे इलेक्ट्रॉनिक पडदे आलेत. भाव ऑफिसातून बदलतो. पेट्रोल पंप तर अलीकडेपर्यंत दिवसातून कितीदा तरी भाव वर-खाली करायचे. सकाळी महाग, संध्याकाळी स्वस्त असायचं. मात्र २०१३ पासून प्रत्येक बदल लगेच सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो आणि तो कुठल्याही ॲपवर दिसतो, त्यामुळे आम्ही ऑफिसातून निघताना बघून ठरवतो कुठे भरायचं.

बीटवाला

मावशी, किलोचा भाव आपल्याकडेही आलाय. २०२२ मध्ये ठरावीक वजनाच्या पाकिटांची सक्ती काढली आणि त्याबदल्यात युनिट भाव छापायला लावला. पण गंमत बघा: एक किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा भाव छापायचा, वरच्या पाकिटावर किलोचा. म्हणजे एकावर '०.१८ रुपये प्रति ग्रॅम' आणि दुसऱ्यावर '१८१ रुपये प्रति किलो'. दुकानात उभं राहून कोण गुणाकार करणार?

आणि वजनाची सक्ती गेल्यावर काय झालं ते तेलात बघा. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता पिशव्या ८५० च्या आल्या, ८०० च्या आल्या, ७५० च्याही आल्या. उंची तीच, रंग तोच, फुगीरपणा तोच. गिऱ्हाईक 'एक लिटर द्या' म्हणतं आणि दुकानदार हाताला येईल ती पिशवी देतो.

गल्ल्यावरचा

हे मी आजच करून बघितलं. माझ्याकडच्या सोयाबीन तेलाच्या तीन पिशव्या, तीन कंपन्या:

९१० ग्रॅम, १६५ रुपये: किलोला १८१.
८५० ग्रॅम, १५७ रुपये: किलोला साधारण १८५.
८०० ग्रॅम, १५० रुपये: किलोला १८७.५०.

सर्वात 'स्वस्त' पिशवी सर्वात महाग! आणि तीच सर्वात जास्त खपते, कारण १५० ची नोट आणि एक पन्नासची, हिशेब जमतो. (१५० ची नोट नसते, माहितीये. शंभर आणि पन्नास म्हणायचंय.)

शेड्यूल_एच

सोलापूरला मेडिकल आहे. छापील किमतीची खरी मजा बघायची तर आमच्याकडे या.

ज्या औषधांवर सरकारी भाव नियंत्रण आहे, त्यात किरकोळ दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलंय आणि घाऊकचं ८. बाकीच्यांची छापील किंमत कंपनी स्वतः ठरवते, फक्त वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. पण मुळातच अवाच्या सवा छापली तर? जेनेरिकच्या कित्येक पट्ट्यांवर छापील किंमत आणि माझी खरेदी यांत इतका फरक असतो की '५० टक्के सूट' देऊनही मी भरपूर कमावतो. पेशंट आशीर्वाद देऊन जातो. ॲपवाले २० टक्के सूट दाखवतात तेव्हा लोकांना वाटतं औषध स्वस्त झालं. औषध नाही, सूट स्वस्त झाली.

हृदयाच्या स्टेंटचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत बांधली: साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधवाल्याला २९,६००. त्याआधी औषधवाले लाखाच्या वर जायचे. छापील किंमत तेव्हाही होतीच की. नुसतं छापल्याने काही होत नाही, तो आकडा कसा आला ते कुणीतरी विचारावं लागतं.

उकळीचा_चहा

माझी ठाण्यात टपरी आहे. भाचा टाइप करून देतोय. सगळे मोठ्या भावांचं बोलताय, मी दहा रुपयांचं बोलतो.

पूर्वी सुट्ट्यांपायी चहा १० वरून १२ करता येत नव्हता. १२ म्हटलं की गल्ल्यात दोन-दोनची नाणी लागायची. क्यूआर आला आणि ते संपलं. १२ केला, कुणी काही बोललं नाही. म्हणजे फायदा झाला. यूपीआयवर २०२० पासून दुकानदाराला कापाकापी नाही, ते खरं. पण बोलणारा डबा भाड्याचा आहे, महिन्याला शंभरच्या वर जातात. गिऱ्हाईक म्हणतं 'पैसे गेले', डबा गप्प. मग वाद. म्हणून डबा ठेवावाच लागतो.

आणि बेंगळुरूचं ऐकलं असेल. जुलै २०२५ मध्ये तिथे छोट्या दुकानदारांना यूपीआयवरच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि लोकांनी 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. माझी उलाढाल तेवढी नाही. पण भाच्याने हिशेबाची वही घालायला लावलीय.

बीटवाला

सुट्ट्यांवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला, बिस्किटं-शाम्पू १८ वरून ५ टक्क्यांवर आले. काही कंपन्यांनी ५ रुपयांचा पुडा ४ रुपये ४५ पैसे छापला. अहो, २५ पैसे २०११ मध्येच बंद झाले, ४५ पैसे द्यायचे कुठून? मोबाईलवरून ४.४५ देता येतात, पण ५ रुपयांच्या बिस्किटाला मोबाईल काढणारं गिऱ्हाईक खेड्यात किती? पोरगं पाचचं नाणं घेऊन येतं. वरचे ५५ पैसे गोळीच्या रूपात जातात किंवा दुकानदाराकडे राहतात. कर सरकारने सोडला तो पोराच्या खिशापर्यंत पोचलाच नाही.

परसदार_एनजे

न्यू जर्सीहून. इथे शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात २०२५ मध्ये कायदा लागू झाला: ग्राहकाची वैयक्तिक माहिती वापरून अल्गोरिदमने भाव ठरवला असेल तर भावाशेजारी तसं लिहायचं. बंदी नाही, फक्त लिहायचं. दुकानदारांच्या संघटनेने कोर्टात आव्हान दिलं होतं. माझं मत विचाराल तर अशा ओळी कुकीच्या परवानगीसारख्या होतात, लोक न वाचता पुढे जातात. पण नसण्यापेक्षा बरं.

कोड_आणि_कांदेपोहे

मी इथल्या एकूण सुराच्या थोडा विरोधात आहे. भाव बदलता असणं हेच वाईट असं नाही. संध्याकाळी पाव शिळा व्हायच्या आत निम्म्या भावात जातो, मंडईत शेवटच्या तासाला मेथी दहाला दोन मिळते. तेही बदलते भावच. फरक इतकाच की मंडईत शेजारच्या बाईला काय भाव लावला ते मला ऐकू येतं. ॲपवर प्रत्येक जण आपल्या पडद्यापुढे एकटा. त्यामुळे किमान ३० दिवसांच्या भावाची नोंद तरी दाखवा, मावशी म्हणतात तशी. तांत्रिकदृष्ट्या हे एका दुपारचं काम आहे, सगळी नोंद कंपन्यांकडे असतेच.

हिशेबी_सुमन

गल्ल्यावरचा, एक विचारू? पावडर तुम्ही १८९ ला घेता आणि ॲप १७४ ला देतं, तर तुम्ही ती ठेवताच कशाला? जे ॲपवर नीट मिळत नाही ते ठेवा ना.

गल्ल्यावरचा

ताई, पावडर नाही म्हटलं की गिऱ्हाईक साबणही तिकडूनच घेतं. ती ठेवावीच लागते. पण तुमचं अर्धं बरोबर आहे. सुटे मसाले, मोड आलेली कडधान्यं, गव्हाचं ताजं पीठ, उपवासाचे पदार्थ यांत मला चार पैसे सुटतात आणि तिथे छापील किंमतच नाही. आणि उधारी. महिन्याच्या २५ तारखेनंतर माझ्या वहीवर निम्मी गल्ली असते. ॲपवाला 'पुढच्या महिन्यात द्या' म्हणतो तेव्हा त्याच्यामागे कुठली तरी फायनान्स कंपनी असते, उशीर झाला की दंड. आमच्याकडे उशीर झाला तर आई फक्त आवाज चढवते.

कोड साहेबांचं ऐकून एक करतोय: दूध, साखर आणि ती पावडर खरेदीच्या भावाला लावतोय. वडील वैतागलेत. म्हणतात, धर्मादाय दुकान काढलंस का. महिनाअखेर हिशेब बघून ठरवू. आणि तेलाच्या तिन्ही पिशव्यांवर किलोचा भाव खडूने पाटीवर लिहिलाय.

वकिली_चष्मा

सुमनताई, तक्रार करायचीच असेल तर दोन स्क्रीनशॉट हवेत: वस्तू पहिल्यांदा दिसली तेव्हाचा भाव आणि पैसे भरायच्या आधीचं शेवटचं पान. नुसत्या बिलावर ते म्हणतील तपशील दिलेला होता. मुद्दा तपशिलाचा नाही, तो कधी दाखवला याचा आहे.

हिशेबी_सुमन

पहिल्या पानाचा त्या दिवशी काढला नव्हता. आज पुन्हा पाऊस आहे, आज काढते.

टमटम

सुमनताई, दूध संपलं नसेल तर उगाच मागवू नका. १५ रुपये जातील.

शेड्यूल_एच

गल्ल्यावरचा, पाटीवर ८०० ग्रॅमवाली पिशवी सर्वात महाग लिहिली आहे, तर ती खपायची थांबली का?

गल्ल्यावरचा

कमी झाली, थांबली नाही. एक आजी पाटी वाचून म्हणाल्या, "बाळा, कळलं रे, पण पिशवीत आज दीडशेच आहेत."